लक्षणीय बदल नाही

एकोणचाळिसाव्या वर्षी वर्गात जाऊन बसणाऱ्या बाईला लोक जे जे म्हणतात, ते सगळं तिनं ऐकून घेतलं होतं. शेजारणीनं हौस म्हटलं, भावानं खूळ म्हटलं, आणि सासूबाईंनी तर सरळ सांगितलं, "आधीही लोकांच्या छातीची मापं घेत होतीस, आताही तेच करणार. तेव्हा निदान अंगावर घालायला काहीतरी मिळायचं." सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्यांचं बोलणं अगदीच खोटंही नव्हतं. अठरा वर्षं तिनं शिवणाचं दुकान चालवलं. मग तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं आणि एक दिवस दुकानाला कुलूप लागलं. नवरा जहाजावर, भटारखान्यात. वर्षातून दोनदा घरी येणार, आणि आला की पहिले चार दिवस झोपून काढणार. मुलगी बारावीला. हातात कसब होतं, पण त्याला कुणी विचारेना. तेव्हा तिनं इस्पितळातल्या हृदयाच्या तपासण्या करणाऱ्या तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि प्रवेशाला वयाची अट चाळीस. म्हणजे नापास झालं की पुन्हा दार बंद.

वर्गातल्या बाकीच्या मुली विशीतल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला टेलरताई करून टाकलं.

विभाग तळमजल्यावर होता. मधे बाकं मांडलेला हॉल, भोवती तीन खोल्या, आणि भिंतीवर एक स्पीकर. स्पीकरमधून आधी टिंग-टाँग वाजायचं आणि मग एक बाई, जी कधीच कुणाला दिसली नव्हती, पेशंटचा नंबर आणि खोली सांगायची. तिच्या आवाजात इतकी माया होती की म्हातारी माणसं उठताना "आलो हं" म्हणून उत्तर द्यायची.

या सगळ्यावर राज्य होतं मुख्य तंत्रज्ञ बाईंचं. बुटक्या, साठीला टेकलेल्या, आणि कोटाच्या खिशात सदा न कदा एक कर्कटक, शाळेच्या कंपासपेटीत असतं तसंच, फक्त दोन्ही टोकं सुईसारखी. इसीजीच्या कागदावरची अंतरं त्या त्यानं मोजायच्या. म्हणून मुलींनी त्यांचं नाव कर्कटकबाई ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

बाईंचा एक नियम होता, तो मोडला की खैर नसे. इसीजीचं मशीन कागदाच्या डोक्यावर एका ओळीत आपलं मत छापतं. हृदय ठीक आहे, ठीक नाही, आधीच्या इसीजीपेक्षा बदल आहे, नाही, वगैरे. कागद बाहेर आला रे आला की त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवायची आणि मगच कागद वाचायचा. "मशीनला काय, जीभ दिली की ते बोलणारच," बाई म्हणायच्या. "तुम्ही ओळ वाचू नका, ठोका वाचा. ठोका उठला की पुढच्या ठोक्यापर्यंतची जी वाट, तिच्या अर्ध्याच्या आत रेघ पुन्हा जमिनीवर बसली पाहिजे. अर्ध्याच्या पुढे रेंगाळली की मला हाक मारायची. मी जेवत असेन तरी."

हे टेलरताईला पहिल्या महिन्यातच पाठ झालं. मापाची माणूस ती. बरगड्या मोजून इसीजीच्या तारांच्या चकत्या बरोबर जागी लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची गोम वेगळीच होती. ती सावकाश होती. पेशंटला झाकून घेणं, गार जेल लावायच्या आधी "गार लागेल हं" म्हणणं, म्हातारीच्या चपला पायाशी नीट ठेवणं, यात तिची वीस मिनिटं जायची. तेवढ्यात विशीतल्या मुली चार इसीजी उरकून चहा पिऊन यायच्या. दुसऱ्या वर्षाअखेर लॉगबुकात दोनशे इसीजी लागत होते, बाईंच्या सहीनिशी. शेवटच्या पंधरवड्यात तिनं मोजले तेव्हा पेशंटचा ओघ आटला होता आणि तिची वही सहाने मागे राहणार होती. दोन वर्षं घासली आणि शेवटी सहावर अडणार. तिला रडूच आलं.

"एवढ्यासाठी रडतेस होय?" चष्मेवाली म्हणाली. चष्मेवाली म्हणजे वर्गातली सगळ्यात चलाख मुलगी, नाकावर घसरणारा चष्मा आणि सगळ्या पळवाटा पाठ. "घरचा पेशंट घे की."

"म्हणजे?"

"म्हणजे स्वतःच आडवं व्हायचं, स्वतःलाच चकत्या लावायच्या, काढायचा इसीजी. फक्त नंबर आपला टाकायचा नाही, सापडतो. बंद झालेल्या फायलींतला एखादा घ्यायचा. गेलेल्या माणसाचा. ताई, गेलेलं माणूस तक्रार करायला येत नाही."

ती नको नको म्हणाली. दोन दिवस म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, खोली क्रमांक दोनचं दार लोटून ती स्वतःच टेबलावर आडवी झाली. बंद फायलींच्या यादीतून तिनं वय आपल्याच आसपासचं बघून एक बाई निवडली होती. नंबर चार हजार एकाहत्तर. पाच इसीजी, तीन वर्षांपूर्वी निधन. मेलेल्या बाईच्या नंबराखाली स्वतःची छाती उघडी टाकून पडताना तिला ओशाळल्यासारखं झालं. पण गरजवंताला अक्कल नसते. तिनं हात लांब करून बटण दाबलं.

कागद करकरत बाहेर आला. वरच्या ओळीत छापलं होतं: मागील नोंदीशी तुलना, लक्षणीय बदल नाही.

पट्टी ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. हा काय खरा पेशंट होता? तिनं ती ओळ दोनदा वाचली. मागील नोंद म्हणजे त्या गेलेल्या बाईची. मशीननं तिचं हृदय त्या बाईच्या हृदयाशी लावून बघितलं होतं आणि त्याला फरक सापडला नव्हता. तिच्या हातावर काटा आला. पंखा तर बंद होता.

"मशीन गाढव आहे," चष्मेवाली कागदावर नजर टाकून म्हणाली. "सुटलीस. बदल नाही असं आलं की डॉक्टरसुद्धा बघत नाहीत, थेट फायलीला लागतं."

मशीन गाढव आहे, हे तिलाही पटवून घ्यायचं होतं. म्हणून तिनं त्या बाईचा जुना शेवटचा इसीजी फायलीतून काढला आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. ऊन मागून येत होतं. एका कागदावरचा ठोका दुसऱ्यावरच्या ठोक्यावर असा बसला, की दोन रेघांची एकच रेघ झाली. छातीच्या तिसऱ्या लीडमध्ये, म्हणजे तिसऱ्या चकतीच्या रेघेत, उतरणीवर एक बारीक खाच होती, सुईचा एक टाका चुकावा तशी. ती दोन्हीत होती. त्याच जागी. अठरा वर्षं कात्री चालवलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दोन तुकडे इतके तंतोतंत जुळतात ते एकाच वेळी, एकावर एक घालून कापलेले असतील तरच. तिनं घाईघाईनं कागद खाली घेतले आणि हात पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसले.

दुसऱ्या वेळी तिनं मुद्दाम वेगळा नंबर घेतला, गेलेल्या एका म्हाताऱ्याचा. मशीननं क्षणात ओरडा केला: लक्षणीय बदल, डॉक्टरांकडे पाठवत आहे. रद्दचं बटण सापडेपर्यंत तिचे दोन ठोके चुकले असतील. म्हणजे मशीन गाढव नव्हतं. त्याला माणसं कळत होती. फक्त त्या एका बाईत आणि हिच्यात त्याला भेद कळत नव्हता.

आता आली का पंचाईत. दुसरा कुठलाही नंबर टाकला की डॉक्टर बघणार, चोरी उघडी पडणार. चार हजार एकाहत्तर टाकला की कुणी ढुंकून बघणार नाही. त्या मेलेल्या बाईच्या आड लपण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. प्रत्येक वेळी वर तीच ओळ. आणि लाज वाटते सांगायला, पण ती ओळ बघून तिला दर वेळी हायसं वाटायचं. बदल नाही. वाचलो.

मग स्पीकर सुरू झाला.

सकाळी साडेदहाची वेळ, हॉल भरलेला. टिंग-टाँग. "चार हजार एकाहत्तर. कक्ष क्रमांक दोन." तोच मायेचा आवाज. बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली, कुणी उठलं नाही. टेलरताईच्या हातातून जेलची बाटली निसटली. डोळ्यांपुढून काळा पडदा सर्रकन उतरावा आणि पुन्हा वर जावा तसं झालं, आणि छातीत काहीतरी पायरी चुकल्यासारखं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

चष्मेवालीनं तेही सोपं करून सांगितलं. नोंद उघडी राहिली की तो नंबर रोजच्या यादीत येतो, यादीत आला की पुकारला जातो. बाईंची सही झाली की आपोआप जाईल. कारण कळलं, पण कारण कळून भीती जाते असं कुणी सांगितलं? रोज साडेदहाला ती बाई बोलावली जायची. रोज कुणी उठायचं नाही. आणि रोज त्या टिंग-टाँगसरशी टेलरताईच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. चौथ्या दिवशी तर नंबर पुकारल्यावर तिचे पाय आपसूक खोली दोनकडे वळले. दारात पोचल्यावर तिला कळलं, की आपण कुठल्याही कामाला आलेलो नाही. आपल्याला बोलावलं म्हणून आलोय.

त्या दिवशी तिनं त्या बाईची फाईल नीट वाचली. आधी वाचली असती तर बरं झालं असतं, पण चोर घराचा नकाशा बघतो, घरातली माणसं नाही. वय अडतीस. तक्रार: अचानक आवाज झाला की डोळ्यांपुढे अंधारी येते. दाराची बेल, फोन, घड्याळाचा गजर. पाच इसीजी, आणि पाचांपैकी शेवटच्या चारांवर तीच ओळ: लक्षणीय बदल नाही.

तिनं फाईल मिटली. स्वतःच्या घरातल्या सकाळी तिला एकामागून एक आठवू लागल्या. मुलीच्या फोनचा गजर झाला की ओट्याची कड धरून उभं राहणं. दुकानात फोन खणाणला की टाचण्या हातातून सांडणं. हे कधीपासून होतं? तिला वाटत आलं होतं की जागरण, अशक्तपणा, बायकांचं चालायचंच. की तसं काही नव्हतंच, आणि फाईल वाचल्यावर आता ते आठवणीत शिरत होतं? त्या बाईचं दुखणं आपल्याला लागलं, की आपलंच दुखणं त्या बाईला होतं? तिला काही सुधरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा गजर झाला आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून खालीच बसली.

"आई! काय झालं?"

"काही नाही. पाय मुडपला."

"भूत बघितल्यासारखा चेहरा झालाय," सासूबाई आतून म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तोंडाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "अगं, दुसऱ्यांची हृदयं तपासतेस, एकदा स्वतःचंही दाखव की कुणाला."

तिला हसू आलं. पाच वेळा दाखवून झालं होतं. दुसऱ्याच्या नंबरावर. आता बाईंना सांगावं तर दोन वर्षं पाण्यात, न सांगावं तर हे असं. आणि शुक्रवारी सकाळी लॉगबुक बाईंच्या टेबलावर ठेवायचं होतं. एकच इसीजी उरला होता.

गुरुवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत ती खोली दोनमध्ये शिरली. शेवटचा, मग आपण सुटलो आणि ती बाईही सुटली, असं ती मनाशी म्हणत होती. चकत्या लावल्या, बटण दाबलं. कागद अर्धा बाहेर आला असेल नसेल, बाहेर हॉलमध्ये टिंग-टाँग वाजलं. सुट्टीत स्पीकर बंद असतो, असा तिचा समज होता. "चार हजार एकाहत्तर. कक्ष क्रमांक दोन."

पडदा उतरला. या वेळी तो वर जायला फार वेळ लागला. तो गेला तेव्हा ती टेबलावर बसलेली होती, चकत्या उपटून काढत होती, गुंड्या लावत होती, आणि दारावर कुणीतरी बोटांच्या पेरांनी अगदी हळू टकटक करत होतं. आत झोपलेलं माणूस उठू नये अशी काळजी घ्यावी, तसं.

"कोण?"

दार उघडलं. पन्नाशीच्या आतबाहेरचा एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, बगलेत जुनी फाईल.

"माझा नंबर पुकारला," तो म्हणाला.

"तुमचा?"

"म्हणजे बायकोचा." तो आत आला आणि त्यानं दार आवाज न करता लोटलं. "चार दिवस झाले, बाहेर येऊन बसतोय. रोज नंबर पुकारतात. रोज वाटतं, उठावं की नाही. आज म्हटलं, जाऊन तर बघू."

दार पुन्हा उघडलं आणि बाई आत आल्या. सकाळी साडेदहाला त्या रोज वरच्या वॉर्डांत असायच्या; आज पहिल्यांदा त्यांनीही बाहेर तो नंबर ऐकला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि बाईंचा चेहरा कुणी कधी तसा बघितला नव्हता. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. त्यानं त्यांना नमस्कार केला. दोघांची ओळख जुनी असावी.

"हा नंबर कुणी उघडला?" बाईंनी विचारलं. "हा नंबर मला पाठ आहे. या नंबराच्या आधी या विभागात ती पांढरी पट्टी नव्हती."

त्या माणसानं फोन पुढे केला. "मॅडम, दोन आठवड्यांत मला पाच मेसेज आले. आपला रिपोर्ट तयार आहे. मागील नोंदीशी तुलना, लक्षणीय बदल नाही. पहिला आला तेव्हा वाटलं, चुकून आला. दुसरा आला तेव्हा रात्रभर फोन उशाशी घेऊन पडलो. मी खुळा झालेलो नाही. ती गेली, मला ठाऊक आहे, मीच तिला पोचवून आलो. मी भांडायलाही आलो नाही. मी एवढंच विचारायला आलोय, की जिचं हृदय हुबेहूब माझ्या बायकोसारखं चालतंय, ती बाई कोण आहे? तिला कुणी सांगितलंय का?"

"काय सांगायचं?" टेलरताईनं विचारलं.

"की बदल नाही म्हणजे बरं आहे असं नसतं, ताई. आम्हालाही तेच लिहून मिळालं. आम्ही निर्धास्त झालो. नंतर डॉक्टरांनी समजावलं, आधीचाच इसीजी बिघडलेला होता, त्याच्याशी ताडून बघितला तर बदल कुठून दिसणार?" फाईल त्यानं दुसऱ्या बगलेत घेतली. "त्या दिवशी मी घराची किल्ली विसरलो होतो. बेल मीच वाजवली. आत भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच आला नाही. मी पुन्हा वाजवली. दोनदा वाजवली मी."

मशीनला लटकलेला कागद बाईंना दिसला. त्यांनी तो फाडून घेतला, वरच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि खिशातून कर्कटक काढलं. एक टोक ठोक्यावर टेकवलं, दुसरं पुढच्या ठोक्यावर. मग अर्ध्यावर. रेघ अर्ध्याच्या पुढे गेली होती. चांगलीच पुढे, आणि अजून खाली बसायला तयार नव्हती. बाईंचं बोट तिसऱ्या लीडच्या त्या बारीक खाचेवर येऊन थांबलं.

"आजार एक असू शकतो," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "पण ही खाच..." त्यांनी मान वर केली. "हा आत्ताचा आहे. कागद गरम आहे अजून. कुणाचा आहे?"

एका शब्दाचं काम होतं. पेशंट होता, गेला, नंबर चुकून पडला. असल्या चुका रोज होतात, बाई चार शब्द बोलल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. तिच्या जिभेच्या टोकावर ते आलंही होतं. समोरचा माणूस तिच्याकडे बघत होता, तिच्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याखाली, जिथे गडबडीत एक गुंडी चुकीच्या काजात गेली होती आणि एक चकती अजून चिकटलेली दिसत होती. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो असा बघत होता, जसं कुणी लांबून येणाऱ्या माणसाची चाल ओळखू पाहतो. तिला त्याची भीती वाटली आणि त्याहून जास्त त्याची कीव आली.

"माझा," ती म्हणाली. "सहाच्या सहा माझे आहेत, बाई. मी लॉगबुकासाठी काढले. मोजले नाहीत. पट्टी ठेवली नाही. वरची ओळ वाचली आणि खूश झाले."

बाईंनी कर्कटक मिटलं. "लॉगबुकावर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "कळलं?"

"कळलं."

"आता उभी राहू नकोस. आडवी हो."

ती टेबलाकडे वळली आणि नेमकी तेव्हाच स्पीकरनं पुन्हा हाक दिली. कुणी आत आल्याची नोंद झाली नाही की दहा मिनिटांनी तो दुसऱ्यांदा पुकारायचा. टिंग-टाँग. तिचे गुडघे गेले. पडदा उतरताना तिला दिसलं, की तो माणूस तिच्या दिशेनं धावला नाही, दाराकडे धावला.

बाईंनी तिला धरलं. बुटक्या बाईंच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी तिला टेबलावर घेतलं, गालावर चापट्या मारल्या, डॉक्टरांना हाक मारली, मग मॉनिटर आला, ढकलगाडी आली. तिनं डोळे उघडले तेव्हा बाईंचा हात तिच्या मनगटावर होता आणि त्या ठोके मोजत होत्या, मशीन समोर असूनही.

"वर खोली तयार करताहेत," बाई म्हणाल्या. "यावर औषध आहे. लागलं तर छातीत यंत्र बसवतात. तू वेळेवर बोललीस." मग रागानं, कारण त्यांना दुसरं काही येत नसावं, "पंधरा दिवस आधी बोलली असतीस तर फार वेळेवर बोलली असतीस."

गाडी हॉलमध्ये आली तेव्हा तिकडे एकच गोंधळ चालला होता. त्या माणसानं स्पीकरची वायर भिंतीतून ओढून काढली होती आणि ती हातात घट्ट धरून तो काउंटरसमोर उभा होता. काउंटरवरचा कारकून त्याच्यावर तोंड टाकत होता.

"अहो, तुम्ही कोण हो बंद करणारे? मग लोकांना बोलवायचं कसं आम्ही?"

"तोंडानं," तो म्हणाला.

"आणि या पेशंटबरोबर कोण आहे? फॉर्म कोण भरणार?"

तिची मुलगी कॉलेजात होती, सासूबाई घरी, नवरा समुद्रावर. ती काही बोलायच्या आत त्या माणसानं वायर काउंटरवर ठेवली आणि फॉर्म ओढून घेतला. "घरचे येईपर्यंत मी आहे," तो म्हणाला. खिशातून पेन काढून तो लिहू लागला. नंबराच्या चौकटीत त्यानं चार लिहिलं, शून्य लिहिलं, आणि त्याचा हात थांबला. त्यानं ते खोडलं. मग मान वर करून त्यानं तिला विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?"

तिनं सांगितलं. तो एकेक अक्षर विचारून लिहीत होता. कारकुनानं कुरकुरत फॉर्म घेतला, स्पीकरकडे एकदा बघितलं, उठून उभा राहिला, घसा खाकरला, आणि भरल्या हॉलमध्ये तिचं नाव मोठ्यानं पुकारलं. नुसतं नाव नाही, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली, कोण उठतंय ते.

तिनं गाडीवर पडल्या पडल्या हात वर केला. "मी," ती म्हणाली.